तुम्ही विचारलंत म्हणून: बांधण्याआधी अणुवीज प्रकल्प तपासतात म्हणजे नेमकं काय तपासतात?

गोव्याच्या दक्षिण टोकाच्या काणकोणच्या चावडीपासून कर्नाटकातलं कैगा अणुवीज केंद्र हवाई अंतरानं चाळीसेक किलोमीटर. २०१७ मध्ये केंद्रानं ७०० मेगावॅटच्या ज्या दहा अणुभट्ट्या मंजूर केल्या, त्यांतल्या दोन कैग्याला आहेत. उत्तरेला जैतापूरचं नाव अधूनमधून पेपरात येतंच. त्यामुळे गोव्यात हा प्रश्न मला सारखा विचारला जातो: ‘प्रकल्प अजून उभाच नाही, मग तो सुरक्षित आहे हे तपासतात तरी कसं? नुसत्या कागदांवर?’

हो, बहुतेक कागदांवरच, आणि ती तपासणी नंतरच्या कुठल्याही तपासणीपेक्षा मला जास्त महत्त्वाची वाटते. चालू केंद्रातला पंप बदलता येतो, व्हॉल्व्ह बदलता येतो, डिझेल जनरेटर उचलून उंचावर नेता येतो. खालचा खडक बदलता येत नाही. नदी, धरण, समुद्रही हलवता येत नाहीत. म्हणून आधी जागा तपासतात आणि मग यंत्र.

आधी एक गल्लत दूर करतो. पेपरात ज्या जनसुनावणीच्या बातम्या येतात ती पर्यावरण परवानगीसाठी असते. ती २००६ च्या अधिसूचनेखाली राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. भट्टीच्या सुरक्षिततेची छाननी वेगळी, ती अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. हे मंडळ १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालं. प्रकल्प बांधणारी कंपनी आधी जागेचा अहवाल देते, मग प्राथमिक सुरक्षा विश्लेषण अहवाल. तज्ज्ञांची समिती लेखी प्रश्न काढते, कंपनी लेखी उत्तरं देते, उत्तर पटलं नाही तर पुन्हा प्रश्न जातो. त्या समितीवर सल्लागार समिती असते, शेवटी मंडळ. परवानगीही एकदम मिळत नाही. आधी जागेची, मग बांधकामाची, आणि बांधकामाचेही तीन टप्पे: खोदकाम, पहिलं काँक्रीट, यंत्रसामग्री बसवणं.

खोदकाम आणि पहिलं काँक्रीट वेगळं का ठेवलं, हे कळलं की अर्धी छाननी कळते.

आपल्याकडे चिरे काढलेली खाण सगळ्यांनी पाहिली आहे. वरचा जांभा कडक आणि सच्छिद्र. तो संपला की खाली बरेचदा मऊ, चिकणमातीसारखा थर लागतो, आणि कातळ त्याच्याही खाली. जैतापूरसाठी निवडलेला माडबनचा सडा, म्हणजे पठार, तोही जांभ्याचाच आहे. भट्टीचा पाया जांभ्यावर ठेवत नाहीत, तो खालच्या कातळात न्यावा लागतो. तो कातळ कसा आहे हे पाहायला बोअर मारून दगडाचे दंडगोल नमुने काढतात आणि क्रमानं लाकडी पेट्यांत मांडतात. समजा दीड मीटर ड्रिल केलं. निघालेल्या तुकड्यांपैकी १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तेवढे वेगळे काढायचे, त्यांची लांबी मिळवायची. ती १.२ मीटर भरली तर खडकाची प्रत ८० टक्के. तीच ४० सेंटिमीटर भरली तर २७ टक्के, म्हणजे खडक भेगाळलेला. शिवाय बोअरमध्ये दाबानं पाणी सोडून ते किती मुरतं तेही मोजतात.

पण बोअर म्हणजे काही इंचांचं भोक. दोन बोअरच्या मधून मऊ पट्टा गेला असेल तर तो निसटतो. म्हणून खड्डा पूर्ण खणल्यावर भूवैज्ञानिक तळावर उतरतात, तळ धुऊन घेतात आणि प्रत्येक भेग, प्रत्येक कुजलेला पट्टा नकाशावर उतरवतात. तो नकाशा आधीच्या अहवालाशी जुळवून पाहतात. मऊ पट्टा सापडला तर तो खरवडून तिथे काँक्रीट भरतात. जुनी भेग कधीकाळी सरकली होती असं दिसलं, तर काम थांबवून तिचं वय आणि लांबी शोधावी लागते. पायाचं काँक्रीट ओतलं की हा तळ पुन्हा कुणालाच दिसणार नाही. तिथे वेगळी परवानगी हवी ती याचसाठी.

भूकंपाचं असंच. गोवा, कैगा, जैतापूर हे सगळं भूकंप नकाशाच्या विभाग ३ मध्ये येतं, आणि ‘विभाग ३ आहे’ एवढ्यावर वाद मिटवणारे दोन्ही बाजूंना भेटतात. तो नकाशा साध्या इमारतींसाठी आहे. अणुकेंद्रासाठी ३०० किलोमीटरच्या परिघातले भूकंप आणि प्रस्तरभंग (ज्या भेगांवरून खडक सरकतो त्या) गोळा करून त्या जागेपुरता धक्का वेगळा काढतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जैतापूरच्या परिघात सरळ येतो, कैग्याच्या परिघात अगदी काठावर. जागेपासून ५ किलोमीटरच्या आत सरकू शकेल असा प्रस्तरभंग निघाला तर ती जागा बाद. भट्टी बंद करण्याची आणि थंड ठेवण्याची यंत्रणा ज्या धक्क्याला टिकली पाहिजे, तो १०,००० वर्षांत एकदा येईल इतका मोठा धरतात.

मग पाणी. फुकुशिमाला त्सुनामीची उंची मूळ आराखड्यात ३.१ मीटर आणि २००२ च्या फेरतपासणीनंतर ५.७ मीटर धरली होती. ११ मार्च २०११ ला आलेली लाट त्याच्या दुपटीहून उंच होती, आणि बरेचसे डिझेल जनरेटर तळघरात होते. आपल्याकडे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूतल्या कल्पाक्कम अणुकेंद्राच्या पंपगृहात पाणी शिरलं, भट्टी बंद करावी लागली, आणि शेजारी बांधकाम चालू असलेल्या नव्या भट्टीचा पायाचा खड्डा भरून गेला. त्यानंतर तिथला पाया उंच घेतला.

कैगा समुद्रावर नाही, काळी नदीवर आहे. तिथला प्रश्न धरणांचा. वरच्या अंगाला सुपा आणि कोडसळ्ळी, खालच्या अंगाला कद्रा. छाननीत विचारायचं ते असं: अतिवृष्टीतच वरचं धरण फुटलं, त्याच्या लोंढ्यानं पुढचंही फुटलं, तर प्रकल्पाच्या आवारात पाणी किती चढेल? आणि लोकांच्या सहसा लक्षात न येणारा उलटा प्रश्न: खालचं धरण फुटून जलाशयच उतरला तर भट्टी थंड ठेवायला पाणी कुठून आणणार?

कारण बंद केलेली भट्टी लगेच थंड होत नाही. ७०० मेगावॅट वीज देणारी भट्टी सुमारे २१६६ मेगावॅट उष्णता तयार करते. बंद केल्याक्षणी त्यातली सहा-सात टक्के उरते, एका दिवसानंतरही साधारण अर्धा टक्का, म्हणजे दहाएक मेगावॅट. एवढी उष्णता पाण्याची वाफ करून काढायची म्हटलं तर दिवसाला साडेतीनशे टनांच्या आसपास पाणी लागतं. हे पाणी आवारातल्या कुठल्या टाकीत आहे, ती टाकी त्याच मोठ्या धक्क्याला टिकेल का, आणि वीज नसताना ते भट्टीपर्यंत कसं पोचेल, याची आकड्यांसकट उत्तरं अहवालात असावी लागतात. वीज नसण्याची शक्यता कल्पनेतली नाही. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्रात टर्बाइनचं पातं तुटलं, जनरेटर थंड ठेवणाऱ्या हायड्रोजननं पेट घेतला, केबल जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिलं. मुख्य आणि राखीव केबल एकाच वाटेनं नेल्या की एका आगीत दोन्ही जातात. म्हणून आता आराखड्यात केबलच्या वाटा खोलीगणिक तपासतात.

आराखड्याच्या छाननीतून काय निसटू शकतं याचं सगळ्यात जवळचं उदाहरण कैग्याचंच आहे. १३ मे १९९४ रोजी पहिल्या युनिटच्या भट्टीला झाकणाऱ्या आतल्या घुमटाच्या खालच्या बाजूचं सुमारे १३० टन काँक्रीट सुटून पडलं. इंधन अजून भरलेलं नव्हतं. घुमटातल्या पोलादी केबल वळणावरून जातात. त्यांना ताण दिला की काँक्रीटवर जाडीच्या दिशेनंही जोर येतो. त्या दिशेनं थर सुटू नयेत यासाठी लागणाऱ्या सळ्या पुरेशा नव्हत्या, आणि घुमटातल्या मोठ्या छिद्रांजवळ केबलची दाटी होती. पुढे आराखडा बदलला, जाडीच्या दिशेनं सळ्या घातल्या, जास्त मजबूत, एम-६० प्रतीचं काँक्रीट वापरलं. एका दिशेचा ताण कमी लेखला गेला आणि तेवढ्यानं घुमट गेला. तेव्हा ‘तज्ज्ञांनी पाहिलंय’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. कोणत्या तज्ज्ञानं स्वतंत्र गणित करून पाहिलं, हे विचारलंच पाहिजे.

अंतराचे नियम थोडक्यात सांगतो. भट्टीभोवती वस्ती नसलेला पट्टा नियामक मंडळाच्या १९९० च्या संहितेत किमान १.५ किलोमीटर होता, २०१४ च्या संहितेत तो किमान १ किलोमीटर केला. त्या हद्दीवर लोकांना वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (हे किरणोत्साराच्या मात्रेचं एकक) जास्त मात्रा मिळता कामा नये. केंद्राबाहेरची आपत्कालीन योजना १६ किलोमीटरपर्यंत आखतात. काणकोण त्याच्या बाहेर आहे, त्यामुळे आपल्या पंचायतींना त्या योजनेचे कागद आपोआप येत नाहीत, मागावे लागतात.

पुढे असा प्रकल्प आला तर राज्याची हद्द आड येत नाही. सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी निघते, आणि पर्यावरणाशी ज्यांचा संबंध पोचतो ते बाहेरूनही लेखी म्हणणं देऊ शकतात. ग्रामसभेच्या ठरावात ‘आमचा विरोध आहे’ किंवा ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढंच लिहू नका. धरणं ओळीनं फुटल्यास आवारातली पाण्याची पातळी, राखीव पाण्याचा साठा किती टन, डिझेल जनरेटरच्या जोत्याची समुद्रसपाटीपासूनची उंची, पायाखालच्या बोअरच्या नोंदी, हे चार आकडे नावानिशी मागा. उत्तर लेखी मागा, आणि ते पहिल्या काँक्रीटच्या परवानगीआधी मागा.