तोंडावाटे काहीही नाही

अर्धांगवायूच्या रुग्णाला गिळता येत नसेल, तर आम्ही नाकातून नळी घालतो आणि पलंगाशी ‘तोंडावाटे काहीही नाही’ अशी पाटी लावतो. नाशिकमध्ये ही पाटी सर्वाधिक वेळा मोडली जाते ती रामकुंडाच्या पाण्यासाठी. आमची पाठ वळली की नातेवाईक चमच्याने तीर्थ पाजतात आणि पुढे ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया झाला की आम्हा नर्सना जाब विचारतात. म्हणूनच नाशिकरोडच्या एका निवृत्त शिक्षिकेसाठी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे चर्चच्या उपासनेत पवित्र केलेली भाकर, घेऊन आलेल्या फादरांना मी दारातच अडवले.

नेमके काय चालणार नाही, एवढेच त्यांनी विचारले. त्यांच्या डबीतील बिनखमिराच्या गव्हाच्या भाकरीची चकती घशात चिकटली असती. भाकर गिळता येत नसल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रसाद देण्याची मुभा चर्चच्या कायद्यात आहे, कारण दोन्हींपैकी कोणत्याही एका रूपात ख्रिस्त संपूर्ण असतो, हे कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५५१ मध्ये स्पष्ट केले आहे, असे त्यांनी सांगितले. मात्र चर्चच्या पवित्र पेटीत एरवी भाकरच राखून ठेवतात. द्राक्षारस दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या मिस्सामधूनच, म्हणजे चर्चमधील उपासनेतूनच, आणावा लागणार होता.

ड्यूटी डॉक्टरांनी फोनवर “बघा तुम्ही” म्हणून अंग काढून घेतले. गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी मात्र नीट विचार केला: माणूस दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ गिळतो, बाईही जमेल तशी गिळतच आहेत, तेव्हा एका थेंबाने धोका फारसा वाढत नाही, तोंड मात्र स्वच्छ हवे. ते काम मी कोणावर सोपवत नाही. टाळूवर वाळलेले थर ओल्या गॉजने मऊ करून काढायला वेळ लागतो आणि घाईची माणसे नेमके तेच टाळतात. आजाऱ्यांना प्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून सूट असते, असे फादर म्हणाले. उलटीच्या भीतीने मी नळीचे दूध तासभर आधीच थांबवले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंना ताठ बसवले, हनुवटी किंचित खाली घेतली आणि गळ्यावर दोन बोटे ठेवली. फादरांनी “ख्रिस्ताचे रक्त” म्हणत जिभेच्या टोकावर थेंब ठेवला. बाईंचे ओठ हलले. क्षणभर उशिराने, पण पूर्ण, स्वरयंत्र माझ्या बोटांखाली वर सरकले, म्हणजे थेंब गिळला गेला. खोकला आला नाही. चमचा कचऱ्याच्या पिशवीत टाकायला मी हात पुढे केला, तेव्हा फादरांनी तो थांबवला, पवित्र द्राक्षारसाचा अंशही वाया जाऊ नये म्हणून चमचा आणि बाटली पाण्याने विसळली आणि ते पाणी स्वतः प्यायले.

भिंतीकडे तोंड करून पडून राहणाऱ्या बाई त्या दुपारी व्यायामासाठी स्वतःहून पलंगाच्या कडेला बसल्या आणि चांगल्या उजव्या हाताने लिहिण्याच्या पाटीवर वळणदार अक्षरात ‘पुन्हा कधी?’ असे लिहिले. पुढच्या तपासणीत गिळण्यात काहीही सुधारणा नव्हती. नळी तशीच आहे. बाईंमधला हा बदल नैराश्यावरच्या गोळीचा परिणाम, असे डॉक्टर म्हणतात. ती गोळी नुकतीच सुरू झाली होती आणि तिला लागू पडायला आठवडे लागतात, त्यामुळे मला हे पटत नाही. ख्रिस्तप्रसादाचा हा संस्कार आत्म्याचे अन्न आहे, हे फादरांचे उत्तर मी, कॅथलिक नसूनही, खोडू शकलेले नाही. रविवारी ते पुन्हा येतील. डॉक्टरांची लेखी परवानगी अजून मिळालेली नाही.