समोरून फ्लेमिश, बाजूने काटकसर

इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये राहतो त्यामुळे वीकेंडला बाहेर पडलं की विटांची जुनी फार्महाऊसेस दिसतातच, आणि मी आता पुढून फोटो काढत बसत नाही, जमलं तर आधी बाजूची भिंत बघतो (पब्लिक फूटपाथ तिकडून जात असेल तरच हं, कुणाच्या आवारात घुसायचं नाही).

अठराव्या शतकातलं घर असेल तर पुढची भिंत बहुतेक फ्लेमिश बॉन्डमध्ये (बॉन्ड म्हणजे विटा रचायची पद्धत). एकाच थरात एक वीट लांबीने, पुढची डोक्याने (म्हणजे आखूड बाजू बाहेर), परत लांबीने. सिव्हिलवाल्यांनी शीटवर काढलं असेल हे. दिसायला भारी पण काम किचकट, म्हणून कोपरा वळलात की मालकाचा हात आखडलेला कळतो, तिकडे इंग्लिश बॉन्ड (एक अख्खा थर लांबीने, एक डोक्याने) नाहीतर त्याहून साधं काहीतरी आणि विटाही ओबडधोबड. काही घरांना तर विटांचा दर्शनी भाग नंतर चढवलाय, आत ओकच्या लाकडाचा जुना सांगाडा तसाच.

कुठेकुठे डोक्याच्या विटा निळसर काळ्या चकाकतात. लाकडाच्या भट्टीत आगीकडचं टोक असं व्हायचं. गवंड्यांनी त्या फेकल्या नाहीत, मुद्दाम लाल विटांच्या मधे लावून चौकटी पाडल्या, मला हे जाम आवडतं.

आणि टॅक्सची गंमत! 1784 मध्ये सरकारने विटांवर टॅक्स लावला, हजारामागे अडीच शिलिंग. टॅक्स नगावर ना, मग वीटच मोठी करा, आमच्या इथल्या मीशममध्ये जोसेफ विल्क्स नावाच्या उद्योजकाने भल्यामोठ्या विटा पाडल्या, त्यांना 'गॉब' म्हणतात. मग सरकारने मोठ्या विटांना जास्त टॅक्स लावला, आणि 1850 मध्ये तो सगळाच गेला.

बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच विंडो टॅक्स म्हणतात (पूर्वी घराच्या खिडक्या मोजून लावायचे तो कर, तो वाचवायला लोक खिडक्या बुजवायचे). असेलही, पण नीट बघा, विटा आजूबाजूच्या भिंतीत व्यवस्थित गुंतलेल्या असतील तर ती खिडकी कधी उघडी नव्हतीच, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून नुसता खळगा ठेवलाय.

एका गोष्टीने मात्र डोकं फिरतं, सिमेंटने दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरणं. या भिंती चुन्यात बांधल्यात, ओल सांध्यातून बाहेर पडते. सिमेंट भरलं की पाणी विटेतच अडकतं, हिवाळ्यात गोठतं आणि विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. सिमेंट शाबूत, वीट खलास. चुन्याचं काम करणारा गवंडी महाग पडतो मान्य, पण तोच बोलवा.