पुणे–केळशी–पुणे: मागच्या चाकाची हवा रोज थोडी थोडी उतरत होती, त्याची गोष्ट

जानेवारीत मावशीला घेऊन कोकणात, किनाऱ्यावरच्या केळशीला गेले होते. तिच्या सासरचं घर वर्षभर बंद असतं. ते उघडून झाडलोट करायची, आंब्याला मोहोर कसा आलाय ते बघायचं, एवढंच काम. माझी दीडशे सीसीची गाडी, अलॉय व्हील, दोन्ही टायर ट्यूबलेस, म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेले. मागे मावशी आणि तिची पिशवी.

पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा आणि बागमांडला असा रस्ता घेतला. बागमांडल्याहून जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, खाडीपलीकडे वेसवीला उतरायचं. जेटी धरायची असेल तर तिकडच्या माणसांना आधी वेळ विचारून घ्या, संध्याकाळची शेवटची फेरी चुकली तर फार मोठा वळसा पडतो.

निघताना मागच्या चाकात 32 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) हवा होती. डबलसीटसाठी माझ्या गाडीच्या स्टिकरवर तोच आकडा आहे. माणगावला चहाला थांबलो तेव्हा वळणावर गाडी जरा पोहल्यासारखी का वाटली म्हणून दाब मोजायचं गेज लावलं, तर 28. चालून तापलेल्या टायरमध्ये हवा दोन-तीनने जास्त दिसायला हवी, इथे चारने कमी. पुण्याहून समुद्रसपाटीला उतरताना बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे गेजवरचा आकडा एखाद पीएसआयने खाली येतो खरा. पण चार नाही.

तिथल्या पंक्चरवाल्याने चाक फिरवून खिळा शोधला. नव्हता. व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकी लावली, बारीक बुडबुडा आला. त्याने व्हॉल्व्हच्या आतली, हवा अडवणारी पिन बदलली, हवा भरली, वीस रुपये घेतले. मी खूश. इथेच माझी चूक झाली. एक गळती सापडली की शोध थांबवायचा नसतो. दुसरीही असू शकते, आणि माझ्या चाकात होती.

केळशीला पोहोचल्यावर रात्री दहाला 31. सकाळी सहाला 27. रात्रीच्या गारठ्याने हवा उतरते, दहा अंशांनी तापमान पडलं तर दीडएक पीएसआय जातो. ते वजा केलं तरी आठ तासांत अडीच जातच होते. म्हणजे तासाला साधारण पाव ते अर्धा. हा हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावरच पुढचं सगळं ठरतं. तासाला अर्धा जात असेल तर पंप जवळ ठेवून तालुक्याच्या गावापर्यंत आरामात जाता येतं. दहा मिनिटांत दोन जात असतील तर गाडी हलवायची नाही. आणि स्वतःचं गेज हवंच. पेट्रोलपंपावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, मग गळती किती ते कळणार कसं?

मावशी म्हणाली, "अगं, हवा भर आणि चल. वाटेत परत भरू."

मी म्हटलं, "मावशी, परत जाताना ताम्हिणी आहे. तिथे मैलोन्‌मैल दुकान नाही, आणि मागे तू बसलेली असणार."

मग तिनेच सोनं धुवायला ठेवलेले रिठे काढले आणि वाटीत भिजत घातले. भांड्यांच्या साबणाचं पाणीही चालतं, पण एक सांगते: फेस करू नका. फेसाळलेलं पाणी लावलं की सगळीकडे बुडबुडेच दिसतात. पाणी हलक्या हाताने ढवळायचं, वरचा फेस काढून टाकायचा आणि जुन्या ब्रशने ओलं करत जायचं. गाडी डबल स्टँडवर घेऊन, पायपंपाने 36 पर्यंत हवा भरली (टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो, त्याच्या आत राहायचं). दाब वाढवला की लपलेली गळती बोलते. खडूने चाकाचे चार भाग केले आणि एकेका भागाला दोन-दोन मिनिटं दिली.

आधी रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग: काही नाही. मागे कधीतरी काढलेल्या पंक्चरची पट्टी: कोरडी. मग व्हॉल्व्ह. नवी पिन ठीक होती. व्हॉल्व्हचा रबरी देठ मात्र नुसता ओला करून भागत नाही, तो बोटाने चारी बाजूंना वाकवून बघावा लागतो. बुडाशी चीर असेल तर ती वाकवल्यावरच उघडते. माझा देठ शाबूत निघाला.

शेवटी टायर आणि रिम जिथे भेटतात ती कड. तिसऱ्या भागात, चेनच्या बाजूला, मिनिटभर काहीच दिसलं नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा आला. त्याच्या शेजारी दुसरा. बघता बघता वीतभर लांबीवर साबुदाण्यासारखी बारीक माळ तयार झाली. मावशी चष्मा लावून खाली वाकून बघत होती. तिने ब्रशने माळ पुसली, आम्ही थांबलो, आणि ती त्याच जागी पुन्हा आली. इतकं समाधान मला खिळा सापडून कधी झालं नव्हतं.

गळती कडेला असेल तर टोच्या आणि चिकट पट्टीचं किट उपयोगाचं नाही. ते फक्त नक्षीतल्या भोकासाठी. टायरमध्ये ओतायची जेलही इथे मला पटत नाही: चाक फिरताना ती बाहेर, नक्षीकडे फेकली जाते, रिमच्या कडेपर्यंत धड पोहोचत नाही. टायर उतरवून रिम साफ करणं हाच इलाज. आणि स्पोकचं चाक असेल तर आत बहुधा ट्यूब असते, मग ट्यूबच बाहेर काढून पाण्यात बुडवायची.

हवा 32 करून, मावशीला घरी ठेवून, एकटी मंडणगडला गेले. तिथल्या टायरच्या दुकानातल्या दादांना खडूची खूण दाखवली आणि सांगितलं, "दादा, गळती कडेची आहे. टायर उतरवून रिम घासायची." त्यांनी टायर सोडवला तेव्हा खुणेच्या जागी रिमवर चुन्यासारखा पांढरट थर होता, रंगाचे पोपडे सुटलेले. अ‍ॅल्युमिनियम गंजतं ते असं, आणि खारी हवा ते काम लवकर करते. मी दरवर्षी दोन-तीनदा किनाऱ्यावर जाते आणि परतल्यावर चाकं गोड्या पाण्याने धुवायचा कंटाळा करत होते. दादांनी तारेच्या ब्रशने थर काढला, बारीक पॉलिश पेपरने कड गुळगुळीत केली, टायरची कडही पुसली, कड बसवायचं काळं सीलर लावलं. व्हॉल्व्हचा देठ चार वर्षांचा होता, तोही बदलायला सांगितला. टायर उतरलेलाच असतो, तेव्हा हे करून घ्याच. हवा भरताना "फट्, फट्" असे दोन आवाज आले. एकेका बाजूची कड जागेवर बसल्याचे. सगळं मिळून अडीचशे रुपये.

मागचं चाक परत बसवलं की निघण्याआधी तीन गोष्टी स्वतः बघा: टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना, चेनचा ताण पूर्वीइतका आहे ना, आणि अ‍ॅक्सलचा नट घट्ट आहे ना. दुकानासमोरच मागचा ब्रेक दाबून बघा. माझी चेन जास्त ताणली गेली होती, तिथेच सैल करून घेतली.

त्या रात्री 32, सकाळी 31. एक गारठ्याचा. दुपारी पुन्हा 32. तिसऱ्या दिवशी मावशीला घेऊन मंडणगडहून माणगावमार्गे ताम्हिणी चढले, मुळशीला थांबून गेज लावलं: 35, तापलेल्या टायरचे. घरी पोहोचल्यावर चाकं साध्या पाण्याने धुतली, आणि आठवड्याने सकाळी मोजलं तेव्हा 31 होते.

माझ्या सामानात आता गेज, पायपंप, व्हॉल्व्हच्या दोन पिना आणि त्या फिरवायची छोटी चावी, खडू, जुना टूथब्रश आणि पट्टीचं किट असतं. किटमधल्या सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत वाळते, सहलीआधी दाबून बघा.