वीस बाय तीस, बाँडवर

छत्रपती संभाजीनगरजवळ, म्हणजे जुन्या औरंगाबादजवळ, रांजणगाव शेणपुंजीत पत्र्याची एक रूम, संडास-बाथरूम बाहेर सामाईक, किराया अडीच हजार. स्लॅबची रूम आणि आत मोरी असली तर साडेतीन. दोन रूम, वर गच्चीवर कपडे वाळवायची मुभा म्हणलं की पाचाच्या पुढं. शहरात सिडकोत किंवा उस्मानपुऱ्यात एवढ्या पैशात कुणी गाडीसुद्धा लावू देणार नाही. त्यामुळं वाळूज एमआयडीसीत काम शोधायला आलेला माणूस जिंतूरचा असो, मेहकरचा असो की बिहारमधल्या सिवानचा, बॅग खांद्याला लावून आधी इथंच उतरतो.

माझं इथं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. नवरा एका व्हेंडर कंपनीत प्रेस शॉपला, ठेकेदाराच्या हजेरीपटावर. माहेर-सासर दोन्ही परभणी जिल्ह्यात. गावाकडून कुणी आलं की हमखास विचारतं, "एवढ्या मोठ्या शहराजवळ इतकं स्वस्त कामून बरं?" नातेवाइकांना मी हसून टाळते, पण काउंटरवर बसणाऱ्या बाईला उत्तर रोज दिसतं. इथं घर स्वस्त आहे, कारण त्याच्यासोबत कागद येत नाही.

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला. मागोमाग त्यांना सुटे भाग देणाऱ्या कंपन्या आल्या, मग बाकीच्या. कारखान्यांना प्लॉट आखून मिळाले. माणसांसाठी आखलेला भाग म्हणजे बजाजनगर. रुंद रस्ते, रो-हाउस, मोहटादेवीचं मंदिर, भाजी मंडई. सुरुवातीला कामगारांचंच होतं ते. आता तिथं घर घेणं म्हणजे आधी पर्मनंट असावं लागतं, आणि पर्मनंट माणूस आजकाल गल्लीत शोधावा लागतो. बाकीचे सगळे मग आसपासच्या गावांच्या रानात पसरले. रांजणगाव, जोगेश्वरी, कमळापूर, वडगाव कोल्हाटी, आपलं धाकटं पंढरपूर. कपाशीच्या रानात चुन्याच्या रेघा मारल्या, वीस बाय तीसचे तुकडे पाडले, की झाली कॉलनी.

वीस बाय तीस म्हणजे सहाशे चौरस फूट. एका गुंठ्यात 1089 चौरस फूट बसतात, म्हणजे हा जेमतेम अर्ध्या गुंठ्याच्या वरचा तुकडा. शेतजमिनीचे असे तुकडे पाडू नयेत म्हणून 1947 चा तुकडेबंदीचा कायदा आहे. त्यामुळं वर्षानुवर्षं रजिस्ट्री होत नव्हती, आणि व्यवहार बाँडवर, म्हणजे स्टॅम्प पेपरवर, नोटरीसमोर होत आला. 2001 मध्ये गुंठेवारी, म्हणजे असे तुकडे पाडून विकलेले प्लॉट, नियमित करायचा कायदा आला. 2021 च्या जुलैत अशा तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवणारं परिपत्रक निघालं, पुढच्या वर्षी औरंगाबाद खंडपीठानं ते रद्द केलं. असलं काही पेपरात आलं की माझ्या दुकानात गर्दी होते. "ताई, आता होतंय का आमचं?" लोक घडी घालून घालून फाटायला आलेला बाँड पिशवीतून काढतात, मी लॅमिनेशन करून देते. बाँड कायद्यानं पक्का होत नाही, निदान पावसात तरी भिजत नाही.

ग्रामपंचायतीत घरपट्टी लागली की नमुना आठचा उतारा मिळतो. तो हातात पडला की लोक पेढे वाटतात. मी सांगून सांगून थकले, की बाबांनो, नमुना आठ ही घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. पण त्यावर लाइटचं मीटर मिळतं आणि मीटर आलं की माणसाला घर आपलं वाटतं. ते चूक आहे असं माझ्यानं म्हणवत नाही.

कागद नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणून घर एकदम बांधता येत नाही. आमचे घरमालक स्वतः एका कंपनीत हेल्पर होते. आधी त्यांनी पत्र्याची एक रूम टाकली आणि तीच किरायानं देऊन आपण बायको-लेकरांसह शेजारी ताडपत्रीखाली राहिले. किराया आणि भिशी जमवून दुसरी रूम, मग तिसरी, मग खाली स्लॅब. आज नऊ रूम आहेत. जिना इतका उभा आहे, की गॅस सिलिंडर चढवायला पोरगा वीस रुपये जास्तीचे मागतो आणि मला ते रास्तच वाटतं. असल्या घरमालकांवर पेपरात 'अनधिकृत बांधकाम' म्हणून बातमी येते तेव्हा मला जरा राग येतो. कारखान्यांना माणसं पाहिजे होती, माणसांना रूम पाहिजे होत्या, आणि त्या या हेल्परांनी बांधल्या. दुसरं कोण बांधणार होतं?

म्हणून सगळं गोड आहे असं नाही. लाइटचंच बघा. घरगुती विजेचे स्लॅब असतात. पहिली शंभर युनिट सगळ्यांत स्वस्त, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, आणि पुढं तर बोलायलाच नको. एका कुटुंबाला एक मीटर असेल तर पंखा, टीव्ही, मिक्सर धरून शंभराच्या आसपास भागतं. पण नऊ रूमला मिळून एकच मीटर असलं की बेरीज पाचशेच्या पलीकडं जाते आणि पुढची युनिटं सगळ्यांत वरच्या स्लॅबनं लागतात. घरमालक सबमीटर बघून तोच दर रूमवाल्यांना लावतो. म्हणजे एक बल्ब, एक पंखावाला पोरगा बंगल्यातल्या एसीवाल्याच्या दरानं वीज जाळतो. किरायात वाचलेले पैसे असे दुसऱ्या खिशातून जातात. पिण्याचं पाणी वीस लिटरच्या जारनं, सांडायचं बोअरचं नाहीतर टँकरचं, तेही त्याच खिशातून. जायकवाडीचं पाणी मोठ्या पाइपानं आमच्या शेजारून कंपन्यांना जातं. 2016 च्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी नेत होते त्या वर्षी, खंडपीठानं बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी निम्म्याहून जास्त कापायला लावलं होतं. इथं बिअरचे कारखाने बरेच आहेत. वारं फिरलं की उकडलेल्या धान्याचा वास गल्लीत येतो. नवीन माणूस विचारतो कुणी घुगऱ्या शिजवायलंय का.

कागदाचा खरा फटका बायकांना आणि लेकरांना बसतो. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका ताईंच्या मुलाचा आरटीईच्या सोडतीत नंबर लागला होता. फॉर्म त्यांनी दुसरीकडून भरला होता. खासगी शाळेत फुकट प्रवेश म्हणून माय हरखून गेली. कागदपत्रं तपासताना अडलं. किरायानं राहत असाल तर भाडेकरार दुय्यम निबंधकाकडं नोंदवलेला लागतो, अकरा महिन्यांचा किंवा जास्तीचा, आणि तोही फॉर्म भरायच्या आधीच्या तारखेचा. त्यांच्याकडं नोटरी केलेला बाँड होता. त्या घरमालकांना घेऊन माझ्याकडं आल्या. मालक भला माणूस, पण हात जोडून म्हणाला, "मॅडम, रजिस्टर केलं तर उद्या ही रूम ह्यांच्या नावावर व्हायची." असं होत नाही, उलट नोंदणीनं मालकाचंच संरक्षण होतं, हे मी कराराचा नमुना वाचून दाखवत त्याला समजावलं. तो पटला, शेवटी अंगठाही लावायला तयार झाला, पण तारीख मागची कुठून आणणार? जागा गेली. ताई माझ्या काउंटरपाशी उभ्या राहून म्हणल्या, "जाऊ द्या, जिल्हा परिषदेची शाळा हायेच की," आणि झेरॉक्सचे सहा रुपये मोजून ठेवून गेल्या. तेव्हापासून दिवाळी झाली की मी लहान लेकरू दिसेल त्या प्रत्येक बाईला टोकते. करार नोंदवून ठेवा. एकूण किरायाच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, आणि ग्रामीण हद्द म्हणून 500 रुपये नोंदणी फी. जारच्या पाण्याला महिन्याला याहून जास्त जातात.

2024 च्या जुलैत 'लाडकी बहीण'चे फॉर्म सुरू झाले तेव्हा तर दुकानापुढं मांडवच घालावा लागला. रहिवासी दाखला नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड चालेल म्हणाले. पंधरा वर्षांपूर्वी रांजणगावात होतं कोण? बायकांनी गावाकडं फोन लावले, सासवांनी पत्र्याच्या पेटीतून पिवळी-केशरी कार्डं शोधून व्हॉट्सॲपवर पाठवली. निम्म्या फोटोत कार्डापेक्षा सासूचा अंगठाच मोठा. पुढच्या वर्षी ई-केवायसी आली, तिला नवऱ्याच्या आधारचा ओटीपी लागायचा. नवरा सेकंड शिफ्टला, मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा. साडेतीन ते बारा त्या मोबाइलवर कितीही ओटीपी येऊ द्या, बघायला कोण? मग मी दुकानाबाहेर पाटीच लावली, 'नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात संध्याकाळी या.' बायका हसल्या, पण तशाच आल्या.

पुरुषांचं दुखणं पीएफ. ठेकेदार बदलतो, काम सुटतं, आणि जुना ठेकेदार काम सोडल्याची तारीखच भरत नाही. तारीख नाही तर सगळे पैसे निघत नाहीत. बऱ्याच पोरांना ठाऊकच नसतं, की 2020 पासून ही तारीख आपली आपल्याला पोर्टलवर टाकता येते, शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की. दुसरी अडचण नावाची. शाळेत बालाजी, आधारला बाळासाहेब, ठेकेदाराच्या यादीत नुसतं 'बाळू'. पैसे एकाच माणसाचे, पण ते घ्यायला तिघं हजर करावे लागतात.

हे सगळं रोज बघून मीसुद्धा आता प्लॉट घ्यायला निघालेय. आधी वाळूज महानगरात फ्लॅट बघितला. लिफ्ट, पार्किंग, रजिस्ट्री, सगळं चोख. बँकेत गेलो तर नवऱ्याच्या पगारपत्रकावर ठेकेदाराचं नाव बघून साहेबांनी पेन खाली ठेवला. माझ्या दुकानाची कमाई रोखीतली, तिची कुठं नोंद नाही. राहिलं काय? कमळापूर रोडला वीस बाय तीस, बाँडवर. नवरा म्हणतो, "तू लोकांला दिवसभर सांगती, कागद बघून घ्या, आणि आपण काय करायलोत?" खरंय त्याचं. पण लेकीचं पाचवीपासूनचं शिक्षण तीन रूम बदलून झालंय, आणि दर अकरा महिन्यांनी किराया पाचशेनं वाढतो. कायदा माझ्यासाठी थांबेल, घरमालक थांबणार नाही.

तरी मी एजंटाला सोडलं नाही. सातबारा ताजा पाहिजे म्हणलं. सगळ्या वारसांच्या सह्या पाहिजेत, बहिणींच्यासुद्धा, नाहीतर चार वर्षांनी एखादी आत्या वाटणी मागत येते. रस्ता बाँडमध्ये फुटांत लिहा म्हणलं, 'पूर्वापार वहिवाट' असलं काही चालणार नाही. लेआउटच्या कागदावर चारी बाजूंच्या मालकांची नावं लिहून द्या. तो सगळं ऐकत होता, मधूनच मान हलवत होता. इसाराचे पैसे कधी देता एवढंच त्यानं दोनदा विचारलं. मी म्हणलं, आधी कागदांच्या झेरॉक्स द्या.

"देतो की मॅडम," तो म्हणाला, "शनिवारी ओरिजिनल घेऊन येतो. झेरॉक्स तुमच्याच दुकानात काढू, पैसे नका लावू म्हणजे झालं."