कंसातल्या टक्क्यांचा घोळ

समजा निपाणीतल्या तंबाखूच्या वखारीचा हिशेब रोज पेनड्राइव्हवर घ्यायचाय. विंडोजची बॅच फाईल, म्हणजे ओळीनं चालणाऱ्या कमांडची यादी, अशी (इथं सगळं देवनागरीत दिलंय, टाईप मात्र रोमनमध्येच करा):

इफ एक्झिस्ट ई:\ (
  सेट /पी दिवस=तारीख टाका:
  एक्सकॉपी डी:\हिशेब ई:\बॅकअप\%दिवस% /आय /एस
)

दिसायला ठीक. पण तारखेचं फोल्डर तयारच होत नाही, फायली थेट बॅकअपमध्ये जाऊन पडतात. त्याच काळ्या कमांडच्या खिडकीत फाईल पुन्हा चालवली, की फोल्डर होतं, पण आदल्या वेळी टाकलेल्या तारखेचं. एररचं नाव नाही.

कारण असं, की सीएमडी (बॅच फाईल चालवणारा विंडोजचा प्रोग्राम) उघडणाऱ्या कंसापासून बंद होणाऱ्या कंसापर्यंतचा मजकूर एकदम वाचतं आणि वाचतानाच %दिवस% च्या जागी ‘दिवस’ या व्हेरिएबलमध्ये (नाव देऊन साठवलेल्या माहितीत) तेव्हा असलेली किंमत भरून टाकतं. तुम्ही तारीख टाकता ती त्यानंतर. %एररलेव्हल% (आधीच्या कमांडनं दिलेला निकालाचा आकडा) चंही तेच, कंसात ते शिळं मिळतं. तिथं ‘इफ एररलेव्हल ८’ लिहा. ते चालतानाच तपासलं जातं, आणि अर्थ ‘८ किंवा जास्त’ असा. रोबोकॉपी (फायली कॉपी करणारी विंडोजची कमांड) वापरत असाल तर हाच आकडा हवा, कारण तिथं ७ पर्यंतचे कोड अपयशाचे नसतात.

किमतीतच बंद कंस असला तर वेगळंच. ‘प्रोग्राम फाईल्स (एक्स८६)’ असलेला पाथ अवतरणाशिवाय कंसात आला, की त्यातला ) तुमचा ब्लॉक मध्येच बंद करतो.

सरळ उपाय म्हणजे वर ‘सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन’ आणि टक्क्यांऐवजी !दिवस!. ही किंमत ओळ चालताना भरली जाते. विंडोज २००० पासून ही सोय आहे. पण प्रत्येक फाईलच्या माथ्यावर ही ओळ डकवायची सवय मला पटत नाही. आपल्याकडं फायलींना ‘अर्जंट!’, ‘खानापूर बिल बाकी!’ अशी नावं देणारे कमी नाहीत. फॉर लूपमधलं (एकेक फाईल घेऊन त्याच ओळी पुन्हा चालवणारं) %%एफ, म्हणजे त्या फेरीतल्या फाईलचं नाव, आधी उलगडतं, मग ! ची पाळी येते. नावातलं उद्गारचिन्ह गायब होतं, दोन असली तर मधला मजकूरही जातो, आणि तेवढीच फाईल बॅकअपमधून सुटते.

म्हणून लूपमध्ये क्रम असा ठेवा:

सेट "नाव=%%एफ"
सेट /ए नग+=1
सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन
कॉपी "!नाव!" ई:\बॅकअप
एंडलोकल

‘नग’, म्हणजे फायलींची मोजणी, मुद्दाम सेटलोकलच्या वर घेतलाय. खाली घेतला तर एंडलोकल तो पुसतं आणि मोजणी पुढं सरकतच नाही. सेट /ए व्हेरिएबल स्वतःच वाचतं, त्याला टक्के लागत नाहीत. एंडलोकल विसरलात तर ३२ फेऱ्यांनंतर सेटलोकल नकार देतं.

वरच्या तारखेच्या उदाहरणात तर कंसच नको. ‘इफ नॉट एक्झिस्ट ई:\ गोटू संपलं’ लिहा, बाकीच्या ओळी खाली सुट्ट्या ठेवा आणि शेवटी :संपलं हे लेबल द्या. टक्के नीट चालतात. लेबल कंसाच्या आत मात्र कधी टाकू नका, गोटू केलं की ब्लॉक तिथंच मोडतो.

स्क्रिप्टमध्येच मराठी-कन्नड फोल्डरनावं लिहायची असतील तर वरती ‘सीएचसीपी 65001’ द्या आणि फाईल यूटीएफ-८ मध्ये, पण बीओएमशिवाय (फाईलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण) सेव्ह करा. बीओएम राहिला तर पहिलीच ओळ ‘नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणून अडते.