लेझरला न जमणारी कड

शिडाच्या लढाऊ जहाजाच्या छोट्या लाकडी प्रतिकृतीचे लेझरने कापलेले किट प्रथम पाहणाऱ्याला वाटते, की कष्टाचे काम यंत्राने उरकलेलेच आहे. कणा, त्यावर बसणारे आडवे छेद (म्हणजे जहाजाच्या पोटाला आकार देणारे फासळ्यांसारखे तुकडे), तोफांच्या खिडक्यांच्या चौकटी असे सारे भाग प्लायच्या पातळ फळ्यांवर कापून ठेवलेले असतात आणि केवळ बारीक दुव्यांनी फळीला धरून असतात. दुवे सुरीने तोडले, खाचेत खाच बसवली, की तासाभरात जहाजाचा सांगाडा टेबलावर उभा राहतो. माझ्या मते खरे काम त्यानंतर सुरू होते.

लेझरचा किरण फळीतून काटकोनात उतरतो, आणि जहाजाच्या बाह्यांगात काटकोन जवळजवळ नसतोच. मधोमध फुगलेले पोट पुढे नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, निमुळते होते आणि मागेही पुन्हा आत वळते. त्यामुळे प्रत्येक छेदाची कड त्या त्या जागच्या वळणाप्रमाणे तिरपी घासावी लागते. मधल्या छेदांची नाममात्र, नाळेजवळच्यांची भरपूर. हे टाळले, तर वरून येणारी लाकडी पट्टी छेदाच्या एका कोपऱ्यावरच टेकते आणि पोट कोनाकोनाचे दिसू लागते. गंमत अशी, की किरणाने कडेवर ठेवलेला जळका तपकिरी थर, ज्याच्यावर बरेच जण वैतागतात, तोच इथे वाटाड्या ठरतो. पॉलिशपेपर फिरवत गेले की तपकिरी रंग एका बाजूने उडू लागतो. ज्या धारेला कमी करायचे नाही, तिच्यापाशी त्याची केसाएवढी रेघ उरली, की हात थांबवायचा. एवढी नेमकी खूण हाताने कापलेल्या भागावर मिळत नाही.

पुढे पट्ट्या. १:६४ या प्रमाणात खऱ्या जहाजाचा एक फूट म्हणजे जेमतेम पावणेपाच मिलिमीटर. पट्टी पाण्यात भिजवायची, ऊब देऊन वाकवायची आणि नाळेकडे अरुंद करत न्यायची, कारण पोटाचा घेर तिथे कमी होतो, पट्ट्यांची संख्या मात्र तेवढीच राहते. कोणती पट्टी किती तासायची, हे सूचनापुस्तिका सांगत नाही, आणि सांगूही शकत नाही, कारण प्रत्येकाचा सांगाडा थोडा वेगळा घासला गेलेला असतो.

आराखडा एकाचा आणि जहाज दुसऱ्याचे, हा प्रकार मोठ्या जहाजांतही जुनाच आहे. १७८२ साली ब्रिटिशांनी ‘हेबे’ हे फ्रेंच फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराचे वेगवान लढाऊ जहाज, पकडले, त्याच्या आकारावरून ‘लेडा’ या वर्गातल्या एकसारख्या जहाजांचा आराखडा बेतला, आणि त्यातलेच एक जहाज मुंबईच्या गोदीत बांधायचे ठरवले. आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२च्या डिसेंबरात ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शी झालेल्या लढाईत गमावले, म्हणून नवे आराखडे पाठवावे लागले. इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा होता; जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ते जहाज मलबारी सागात उभारले आणि १८१७च्या ऑक्टोबरात ते पाण्यात उतरले. ती ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. रेषा फ्रेंच, कागद इंग्रजी. पण सागाची फळी नाळेपाशी किती तासायची, हा निर्णय मुंबईच्या सुतारांनाच घ्यावा लागला असणार.

पोट पूर्ण झाले, की डोलकाठ्या आणि दोरखंड यांची पाळी येते. दोरशिडीच्या पायऱ्या सुती दोऱ्याच्या गाठी मारत एकेक करून बांधाव्या लागतात आणि तिथे लेझरचा काडीचाही उपयोग नाही. पुष्कळ छांदिष्ट याच टप्प्यावर कंटाळतात आणि बिनकाठ्यांचे जहाज कपाटावर ठेवून देतात. त्यांना मी दोष देत नाही. ‘ट्रिंकोमाली’च्याच ‘लेडा’ वर्गातली ‘युनिकॉर्न’ १८२४ साली पाण्यात उतरली, पण लढाया संपल्यामुळे तिच्यावर शिडे चढलीच नाहीत. वर छप्पर घालून तिला राखीव ठेवण्यात आले आणि अशीच ती स्कॉटलंडमधील डंडी येथे आजवर टिकून आहे. कोणी विचारलेच, तर हा दाखला खुशाल पुढे करावा.