58 युनिटांचं घर

बेळगावच्या शहापुरातला वाडा सोडताना भांडी मोजून बांधली, गाद्या बांधल्या, तुळशीची कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसले. विजेचे 121 युनिट मात्र मागेच राहिले, हे कळायला महिना गेला.

कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना 2023 च्या जुलैपासून सुरू झाली. 200 युनिट फुकट असं सगळे म्हणतात, पण ते अर्धंच खरं. आदल्या वर्षी तुमच्या मीटरवर महिन्याला सरासरी जितकी वीज पडली, तिच्यात 10 टक्के मिळवायचे. तेवढीच वीज फुकट. त्याच्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि 200 ओलांडलेत तर सगळंच बिल भरायचं. वाड्यात आमची सरासरी 110 होती, म्हणून 121 मिळत होते. मंगळुरी कौलं, जाड मातीच्या भिंती, मधे चौक. एप्रिलातही दुपारी पंखा बंद करून झोपायचो. बिल कायम शून्य.

डिसेंबर 2024 मध्ये तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पलीकडे वरच्या मजल्यावर आलो. मालकांना उद्यमबागेतल्या कारखान्यातून आमचे हे आधीपासून ओळखत होते. घर नवं, फरशी चकचकीत, आणि मीटरही नवं. 11 महिन्यांचा करार ई-स्टँपवर झाला, नोटरी झाली. डिपॉझिट 60 हजार. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको असं लिहिलंय, हे माझ्या भावानं फोनवर ऐकवलं. पण तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारला तरच लागू. मी मालकांपुढे तो विषय काढलाच नाही. घर हवं होतं.

भाडेकरूला गृहज्योती मिळते, त्यात अडचण नाही. अडचण अशी की माझा आधार अजून वाड्याच्या मीटरला चिकटलेला होता. योजना आली तेव्हा तो सोडवायची सोयच नव्हती, ती मागाहून झाली. सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवर आधी जुन्या मीटरवरून आधार काढायचा, मग नव्या मीटरचा अकाउंट नंबर घालून पुन्हा अर्ज. ऐकायला दहा मिनिटांचं काम. पण ओटीपी जायचा माझ्या कोल्हापूरच्या जुन्या नंबरावर, जो लग्नानंतर वर्षभरात बंद पडला होता.

मग आधारचा मोबाइल नंबर बदलणं आलं. तेव्हाची 50 रुपये फी, अंगठा, आठवडाभर वाट. नंतर एका केंद्रावर गेले तर तिथल्या पोरानं करारपत्र उलटसुलट बघून म्हटलं, "मालकांना घेऊन या की." मी म्हटलं, भाडेकरू म्हणून अर्ज करतेय, मालक कशाला? तर म्हणे साहेब जेवायला गेलेत. दुसऱ्या दिवशी साहेब होते, सर्व्हर नव्हता. शेवटी घराजवळच्या सायबरवाल्यानं 50 रुपयांत पंधरा मिनिटांत करून दिलं. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत. कन्नड मला बोलता येतं, वाचताना अक्षरं जुळवत बसावं लागतं. आमची लेक मराठी शाळेत चौथीला आहे, कन्नड तिला विषयच आहे. 'भाडेकरू' कुठला चौकोन ते तिनंच बोट ठेवून दाखवलं.

फेब्रुवारीचं बिल मीटर वाचणाऱ्यानं जिन्यातच काढून हातात दिलं. वीज कंपनीला आम्ही अजून जुन्या नावानं केईबीच म्हणतो, तिची हेस्कॉम होऊन वीसेक वर्षं झाली तरी. लेकीनं वाचलं. वापर 142. माफ 58.

58 कुठून आले? नव्या घराला मागची सरासरी नसते, म्हणून सरकार 53 धरतं आणि त्यावर 10 टक्के. म्हणजे हक्क माणसाला नाही, मीटरला. चार माणसांच्या घराला 121 लागायचे तेव्हा 121 मिळाले, आता तीच चार माणसं 58 वर. उरलेल्या 84 युनिटांचे साडेपाचशेच्या वर गेले.

चिडून मी वहीत हिशेब मांडला. गीझर 2 हजार वॉटचा. चौघांच्या आंघोळी मिळून तासभर चालतो, म्हणजे दिवसाला 2 युनिट, महिन्याला 60. संपलंच की! एकट्या गीझरनं 58 गिळले. पंखे 75 वॉटचे, तीन, रोज बारा तास धरले तर महिन्याला 81. उन्हाळा तर अजून यायचा होता. बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणायचे दिवस वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी विसरावेत. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहापर्यंत आपल्या डोक्यावर ओततो. भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादा सांगणारी इको निवास संहिता केंद्रानं 2018 मध्ये काढली आहे, पश्चिमेची आमची सहा इंची भिंत बांधणाऱ्या मेस्त्रीपर्यंत ती पोचलेली नाही.

गीझरचं सोपं होतं. सासूबाईंनी माहेरचा तांब्याचा बंब मागवला, गच्चीवर नारळाच्या करवंट्या आणि झावळ्या जाळून पाणी तापतं. धूर होतो म्हणून शेजारच्या वहिनी एकदा बोलल्या, आता त्याच कधीकधी बादलीभर नेतात.

पंखे मालकांचे. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 वॉटच्या आसपास खातो, हे मला दुकानात कळलं. 2023 पासून पंख्यावर स्टारचं लेबल सक्तीचं आहे, त्यामुळे निवडणं सोपं गेलं, पण एकाची किंमत अडीच हजारांच्या पुढे. मालकांना म्हटलं, अण्णा, तुम्ही बदलून द्या. ते हसले. "बिल तुमचं, फायदा तुमचा, पंखा माझा कशाला, बाई?" त्यांचंही चूक नाही. सोलर पॅनेलचं विचारलं तर, 3 किलोवॉटला केंद्र 78 हजार सबसिडी देतं हे त्यांना माहीत होतं. "खाली माझं बिल झिरो येतंय नव्हं? मग छतावर पैसे कशाला घालू?" फुकट विजेनं सोलरची गरज संपवली, हे त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं.

शेवटी दोन पंखे आम्ही घेतले. जुने माळ्यावर ठेवले आणि कराराच्या मागच्या पानावर पेननं लिहून घेतलं: दोन पंखे भाडेकरूचे, घर सोडताना काढून नेणार. मालकांची सही, खाली माझी.

मार्चमध्ये गच्चीला चुना लावला. चुन्यात फेविकॉल मिसळून दोन हात. एका रविवारी ह्यांनी आणि माझ्या भावानं मिळून काम उरकलं, खर्च हजाराच्या आत. मालकांनी परवानगी दिली, पैसे नाही. फरक? थर्मामीटर नव्हतं आमच्याकडे. एवढं सांगते की सासूबाई एप्रिलात दुपारी पुन्हा खाटेवर झोपायला लागल्या. वाड्यासारखं नाही, पण झोपल्या.

मे महिन्यात 79. जूनला पाऊस लागला, पंखे थांबले, 63. जुलैला 60, दोन युनिटांसाठी बारा-चौदा रुपये भरले. ऑगस्टला 55 आणि बिल शून्य. लेकीनं ते बिल फ्रिजवर चिकटवलं. फ्रिज मात्र जुनाच आहे आणि त्याच्याकडे बघवत नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी करार नवा करायची वेळ आली. मालक वर आले, चहा घेतला, छताकडे बघितलं.

"घर थंड आहे हो तुमचं. बिलपण झिरो. खालच्या गल्लीत असल्या घराला हजार जास्त मागतात. मी 700 च म्हणतो."

मी उठून कपाटातून करार काढला, मागचं पान त्यांच्यापुढे धरलं. पंखे आमचे. चुना आमचा, तो काही खरवडून नेता येणार नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग 300 द्या."

200 वर मिटलं. या मार्चला चुन्याचे पैसे तेच देणार आहेत, हेही मी मागच्या पानावर लिहून घेतलंय.